चेक न वटल्याचा दंड आणि सेवाकर

चेक न वटता परत आल्यावर बँक किंवा माल देणारा व्यापारी जो दंड घेतो, त्यावर सेवाकर लागत नाही. सेवाकराच्या जागी आलेला जीएसटीही लागत नाही.

कोल्हापुरात शाहूपुरीची गूळपेठ असो की उद्यमनगरातला कारखाना, पुढच्या तारखेचा चेक देऊन माल उचलणे नित्याचेच. खात्यात शिल्लक नसली की चेक ‘निधी अपुरा’ असा शेरा मारलेल्या रिटर्न मेमोसह परत येतो. मग पासबुकात दोन ओळी उमटतात: समजा, चेक रिटर्न चार्जेस ५०० रुपये आणि त्याखाली १८ टक्क्यांनी जीएसटी ९० रुपये. प्रश्न आहे तो या दुसऱ्या ओळीचा.

त्याचे मूळ सेवाकराच्या कायद्यातील (वित्त कायदा, १९९४) १ जुलै २०१२ पासून लागू झालेल्या कलम ६६ई(ई) मध्ये आहे. एखादी कृती किंवा परिस्थिती सहन करण्याचे बंधन स्वीकारणे, हीसुद्धा त्या कलमाने सेवा ठरवली. त्यावरून असा अर्थ काढला गेला की, दंड घेणारा चेकचे परत येणे पैसे घेऊन सहन करतो, म्हणजे तो सेवाच देतो. २०१७ मध्ये हेच शब्द जीएसटी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आले आणि वादही सोबत आला.

केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या ३ ऑगस्ट २०२२ च्या जीएसटी परिपत्रक क्र. १७८ ने हा अर्थ खोडून काढला, आणि ते योग्यच झाले. दंड लावतात तो चेक परत येणे सहन करायचे नसते म्हणून, पुन्हा तसे घडू नये म्हणून. चेक परत यावा यासाठी कोणता अडत्या व्यवहार ठरवतो? परिपत्रकात बँकेचाही स्पष्ट उल्लेख आहे. सेवाकराच्या जुन्या प्रकरणांसाठी २८ फेब्रुवारी २०२३ च्या परिपत्रकाने याच खुलाशाचा आधार घेतला.

येथे एक गल्लत हमखास होते. बिल उशिरा भरल्याबद्दलचा आकार वेगळा. तो मूळ व्यवहाराच्या किमतीत धरला जातो आणि त्यावर मूळ मालाच्या किंवा सेवेच्याच दराने कर लागतो. चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ खालचा खटलाही निराळा. तेथे चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण तो न्यायालयाचा दंड.

पासबुकात ती ९० रुपयांची ओळ दिसली, तर शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि त्यात परिपत्रकाचा क्रमांक व तारीख घालावी.