एअर फिल्टर बदलायचाय? आधी ठरवा, बोनेटखालचा की ग्लोव्ह बॉक्समागचा

सर्व्हिसच्या बिलावर ‘एअर फिल्टर’ आणि ‘एसी फिल्टर’ अशा दोन ओळी एकाखाली एक येतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. दोन्ही कागदासारख्या घड्यांचे, दोन्ही काळे पडणारे, दोन्ही घरच्या घरी पंधरा मिनिटांत बदलता येणारे. मग एसीची हवा कमी झाली की कोणी बोनेट उघडून इंजिनाचा फिल्टर झटकत बसतो, आणि ग्लोव्ह बॉक्समागे एसीचा, म्हणजे केबिनमध्ये येणारी हवा गाळणारा फिल्टर असतो हे कित्येकांना गाडी विकेपर्यंत कळत नाही. मुंबईत गाडी चालवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की या दोघांना एकाच वेळापत्रकात बसवू नका. इंजिनाचा फिल्टर किलोमीटर बघून आणि तपासून बदलायचा, केबिनचा कॅलेंडर बघून.

त्याचं कारण आपल्या ट्रॅफिकमध्ये आहे. संध्याकाळी एलबीएस रोडवर किंवा सायनच्या सिग्नलला गाडी रांगेत उभी असते. इंजिन आयडलवर असतं, म्हणजे हवा थोडीच ओढतं. एसीचा ब्लोअर मात्र तीनवर, आणि पुढच्या डंपरचा धूर, बांधकामाची धूळ सगळं त्याच्या वाटेत. तासाभरात गाडी जेमतेम सहा-सात किलोमीटर सरकते, पण केबिन फिल्टरने तासभर पूर्ण काम केलेलं असतं. ओडोमीटरला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर चालणाऱ्या शहरातल्या गाडीत केबिन फिल्टर आधी संपतो आणि इंजिनाचा बराच काळ धडधाकट राहतो.

त्यात पावसाळा. केबिन फिल्टरच्या पुढेच एसीची थंड कॉइल असते, तिच्यावर सतत पाणी सुटतं. बाहेरून दमट हवा, फिल्टरच्या घड्यांत अडकलेला पालापाचोळा आणि धूळ, की बुरशीला आणखी काय हवं? सकाळी एसी लावल्यावर पहिले काही क्षण कुबट वास येतो तो याचाच, किंवा त्या कॉइलचा. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी हा फिल्टर एकदा काढून बघावा. गुलमोहराची बारीक पानं घड्यांत ओळीने रचलेली सापडतात. माझ्या मते पाऊस संपला की ऑक्टोबरमध्ये तो दरवर्षी बदलावा, आणि घराजवळ मेट्रोचं किंवा टॉवरचं काम चालू असेल तर एप्रिलमध्ये आणखी एकदा. एसी गार करत नाही म्हणून कोणी गॅस भरायला सांगितलं, तर आधी हा फिल्टर बघा. हवाच कमी येत असेल तर गॅस भरून काय होणार?

काढायला बहुतेक गाड्यांत हत्यार लागत नाही. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करायचा, दोन्ही बाजू आत दाबून खाली सोडायचा, मागचं आडवं झाकण काढायचं. फिल्टरच्या कडेवर बाण असतो, तो हवेच्या दिशेने. जुना काढताना बाण कुठे होता ते बघून ठेवा. काही गाड्यांत जागा वायपरखालच्या जाळीत किंवा पायांजवळ असते. आणि स्वस्तातल्या काही व्हेरिअंटमध्ये झाकणामागे नुसती रिकामी खाच असते, फिल्टर कंपनीने दिलेलाच नसतो. अशा वेळी त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटचा फिल्टर बसतो का ते विचारा.

इंजिनाच्या फिल्टरचं काम जास्त जोखमीचं आहे. एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. तिच्यातली बारीक रेती आत गेली तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासले जातात, आणि ते नुकसान भरून येत नाही. तरीही हा फिल्टर सारखा उघडू नये असंच मी म्हणेन. त्याच्यावर बसलेला धुळीचा पहिला पातळ थर बारीक कण आणखी चांगले अडवतो. शिवाय दरवेळी फिल्टरचा डबा उघडताना झाकणावरची धूळ स्वच्छ बाजूला पडण्याची भीती असते. म्हणून क्लिपा काढण्याआधी डब्याचं झाकण ओल्या फडक्याने पुसा. फिल्टर उचलल्यावर इंजिनाकडच्या बाजूला बोट फिरवा. बोटाला रेती लागली, तर कुठेतरी रबराची कड नीट बसलेली नव्हती. नवीन बसवताना ती कड खाचेत चारही बाजूंनी दाबा. जवळच्या सेन्सरची वायर ओढू नका. पाण्याने धुणं तर अजिबात नाही, आणि कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने कागदाला दिसणार नाहीत अशी भोकं पडतात.

हा फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढतो, असं सर्रास सांगतात. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत तसं होत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम चोंदलेले फिल्टर लावून चाचण्या केल्या. अशा गाड्यांच्या ॲव्हरेजवर म्हणावा तसा परिणाम दिसला नाही, वेग घेण्याची ताकद मात्र घटली. तेव्हा घाटात किंवा फ्लायओव्हरच्या चढावर गाडी जड वाटू लागली तर इथे बघा. कंपन्यांच्या पुस्तिकेत साध्या परिस्थितीसाठी तीस-चाळीस हजार किलोमीटरचा आकडा असतो. आपली परिस्थिती धुळीची, म्हणून वर्षातून एकदा उघडून बघावं आणि घड्यांच्या तळापर्यंत काळं दिसलं तर बदलावा. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये उंदीर असतील तर डब्यात कागदाचे कपटे सापडतात, ते वेगळं.

हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारू नका. आधी इंजिनाचा फिल्टर काढून बघा. तो ओला असेल तर पाणी सिलिंडरपर्यंत गेलं असण्याची शक्यता आहे, आणि अशा वेळी सेल्फ मारला तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. तिथून गाडी टो करूनच न्यायची.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑनलाइन घेताना नुसतं ‘एअर फिल्टर द्या’ म्हणू नका. ‘इंजिनाचा’ की ‘एसीचा’ ते सांगा, मॉडेल आणि वर्ष सांगा. इंजिनाचा हवा असेल तर पेट्रोल की डिझेल हेही. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीत केबिन फिल्टर बहुतेकदा सारखा असतो, इंजिनाचा मात्र वेगळा निघतो.