चारही चाकांना जोर, पण पकड टायरचीच

दाबून गुळगुळीत झालेल्या बर्फावर टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणांक 0.2 च्या आसपास असतो. साध्या सेडानचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं. इंजिनाचा जोर फक्त पुढच्याच चाकांना मिळत असेल, तर पकडीचाही तेवढाच वाटा कामी येतो. त्यात चढावर वजन मागे सरकतं, त्यामुळे ही गाडी जेमतेम 11-12 टक्क्यांच्या चढापर्यंत तग धरते. त्याच गाडीची ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी आवृत्ती 20 टक्क्यांच्या जवळ पोहोचते.

आता दोघींना सपाटीवर ताशी 60 किलोमीटरवरून थांबवून पाहा. ब्रेक दोन्ही गाड्यांत चारही चाकांना लागतात, म्हणून दोघींनाही सुमारे 70 मीटर लागतात. कोरड्या डांबरावर हेच अंतर 18 मीटरच्या आसपास असतं. गोम अशी, की सहज निघालेली गाडी रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला कळूच देत नाही. 1966 साली आलेल्या ब्रिटिश जेन्सन एफएफच्या अभियंत्यांनी निघणं आणि थांबणं हे दोन वेगळे प्रश्न मानले असावेत. रस्त्यावरच्या त्या गाडीत चारही चाकांना जोर होता आणि सोबत विमानांसाठी बनलेल्या प्रणालीवर आधारित, चाकं जाम होऊ न देणारे ब्रेकही होते.

वळताना चारही चाकं वेगवेगळं अंतर कापतात. पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा जास्त फिरते. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आस एकमेकांना पक्के जोडले तर कोरड्या रस्त्यावर गाडी अडखळते, म्हणून मध्ये काहीतरी सैल दुवा हवा. काही गाड्यांत सेंटर डिफरन्शियल असतो, म्हणजे दोन्ही आसांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच. काहींत तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांचा संच असतो, आणि संगणक गरजेनुसार तो आवळून मागच्या चाकांना जोर देतो. जुन्या पद्धतीच्या व्हिस्कस कपलिंगमध्ये प्लेटांमधलं दाट सिलिकॉन तेलच हे काम करतं.

मालकाच्या खिशाला खरी झळ लागते ती या दुव्यापाशी. समजा एक टायर फाटला आणि तेवढा एकच नवा घेतला. नव्याची नक्षी 8 मिलिमीटर खोल, बाकी तिघांची 4. त्रिज्या 315 मिलिमीटर धरली तर फरक सव्वा टक्क्याचा. चाक किलोमीटरमागे 500 फेरे घेतं, म्हणजे कागदावरच्या हिशेबाने नवं चाक सहा फेरे कमी घेणार. वळणावरचा फरक काही सेकंदांत संपतो, हा मात्र सरळ महामार्गावरही तासन्‌तास चालू राहतो. आत प्लेटा किंवा तेल सतत घासत, तापत राहतं. म्हणून टायर चारही एकाच मेकचे, एकाच नक्षीचे घ्यावेत, दर 8-10 हजार किलोमीटरला पुढचे मागे करावेत आणि हवा वेळच्या वेळी तपासावी. हे कंटाळवाणं आहे खरं, पण कपलिंग बदलण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. बारीक स्टेपनी लावली असेल तर हळू चालवत जवळचं गॅरेज गाठायचं, बस.

तेलांकडेही बघायला हवं. मागच्या डिफरन्शियलमधले हायपॉइड (तिरक्या, वळणदार घडणीचे) दाते एकमेकांवर फिरतात तसे घसरतातही, म्हणून तिथे गंधक-फॉस्फरसयुक्त ऑइल लागतं. तेच ऑइल काही गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) बाधू शकतं. म्हणजे ‘गिअर ऑइल ते गिअर ऑइल’ हा हिशेब इथे चालत नाही, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच भरायचं. क्लच-कपलिंगचं तेल तर आणखी वेगळं. त्यात प्लेटांचा चुरा साठतो, काही रचनांत तो पंपाची जाळी बुजवतो, आणि गाडी गुपचूप फक्त पुढच्या चाकांवर चालू लागते. बर्फ किंवा चिखल लागेपर्यंत हे लक्षातही येत नाही. ‘आयुष्यभर तेल बदलू नका’ या दाव्यावर माझा तरी विश्वास नाही.

अपग्रेडचे पैसे आधी टायरांवर घालावेत, यात मला शंका नाही. 7 अंशांखाली उन्हाळी टायरचं रबर ताठरतं. हिवाळी टायरचं रबर लवचीक राहतं आणि त्यातल्या बारीक चिरा बर्फाला धरतात. दुसरा क्रमांक ब्रेक फ्लुइडचा. ते हवेतलं पाणी शोषतं: डॉट 4 या प्रतीच्या फ्लुइडचा किमान उत्कलनांक ताजेपणी 230 अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर 155. लांबलचक उतारावर ब्रेक तापतात, तेव्हा हा फरक पायाखाली जाणवतो.

वळणावर नाक बाहेर पळत असेल तर मागचा जाड अँटी-रोल बार (वळताना गाडीचं झुकणं कमी करणारी दांडी) हा त्या मानाने स्वस्त उपाय. भरीव बारचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे 17 ऐवजी 19 मिलिमीटरचा बार घेतला तरी तो 56 टक्क्यांनी ताठ होतो. दोनच मिलिमीटर! पण अति जाड बसवला तर ओल्या वळणावर शेपटी सुटते.

टर्बो इंजिनाचा संगणक री-मॅप करून, म्हणजे त्याची सेटिंग बदलून, जोर वाढवण्याचा मोह सगळ्यात शेवटी ठेवावा. दोनच चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीत जास्तीचा झटका टायर घसरून वाया जातो, आणि यंत्रणा वाचते. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये कोरड्या रस्त्यावर काहीच घसरत नाही. सगळा झटका आत जातो. आधी क्लच जळतो, आणि क्लच भक्कम बसवला की पाळी गिअरच्या दात्यांची.