‘५६के की ३००के?’पासून ‘ऑटो’पर्यंत

कर्जतहून गाडी घाट चढायला लागली की डब्यात मोबाइलवर मॅच बघणाऱ्याच्या खांद्यावरून जरा डोकवावं. बोगद्यात शिरल्यावरही खेळ चालूच राहतो. मग धावफलकावरचे आकडे पुसट होतात, मैदानाच्या हिरव्यात चौकोन उमटतात, बोलर कोण ते ओळखू येत नाही. समालोचन मात्र खणखणीत. उजेडात आल्यावर थोड्या वेळाने चित्र निवळतं. लागोपाठ दोन-तीन बोगदे आले तरच मधोमध ते गोल फिरायला लागतं.

चित्र पुसट झालं की आपण ‘नेट गंडलं’ म्हणून मोकळे होतो. पण नेट गंडूनही खेळ थांबला नाही, ही त्या पुसटपणाचीच कमाई. किती दर्जाचं चित्र दाखवायचं हे कोणीतरी दर काही सेकंदांनी ठरवत असतं. तो कोणीतरी कोण, हे तीस वर्षांत तीनदा बदललं.

सुरुवातीला ते आपणच होतो. एप्रिल १९९५मध्ये सिॲटलच्या प्रोग्रेसिव्ह नेटवर्क्स या कंपनीने रिअलऑडिओ हे इंटरनेटवरून आवाज ऐकवणारं सॉफ्टवेअर आणलं. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या रॉब ग्लेझर यांची ही कंपनी पुढे रिअलनेटवर्क्स झाली. तेव्हाचे मोडेम १४.४ किंवा २८.८ केबीपीएसचे (सेकंदाला तेवढे हजार बिट), त्यामुळे आवाज फोनवर बोलल्यासारखा यायचा. पण पूर्ण फाइल उतरायची वाट न बघता ऐकता येत होतं, हेच अप्रूप. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. ९.६ केबीपीएसचा तो डायल-अप, मोडेमची ती किंचाळी, आणि मध्येच घरातल्या कोणी रिसीव्हर उचलला की सगळं मुसळ केरात.

पुढे व्हिडिओ आला, तेव्हा साइटवर दोन-तीन दुवे शेजारी शेजारी असायचे: २८के, ५६के, ३००के. यातला आपला कोणता ते बघणाऱ्याने सांगायचं. ही परीक्षा बहुतेकांना जमायची नाही. मोडेमच्या खोक्यावर ५६ छापलेलं असलं तरी तारेवरून तेवढा वेग प्रत्यक्षात मिळतच नसे, आणि सायबर कॅफेत तर एकाच लाइनीवर सात-आठ मशीन. एकदा निवडलं की निवडलं. अर्ध्यात वेग पडला तर बघत बसायचं.

१९९८मध्ये रिअलनेटवर्क्सने शुअरस्ट्रीम काढलं आणि निर्णय सर्व्हरकडे गेला. एकाच फाइलमध्ये अनेक बिटरेट, म्हणजे सेकंदाला कमी-जास्त डेटा खाणाऱ्या प्रती, भरलेले असत आणि बघणाऱ्याची लाइन आवळली की सर्व्हर खालच्या बिटरेटवर उतरत असे. मायक्रोसॉफ्टचंही असंच काहीसं होतं. कल्पना बरोबर होती, पण अंमलबजावणी महागडी. त्यासाठी वेगळा सर्व्हर लागायचा, वेगळा प्रोटोकॉल लागायचा, तो ऑफिसच्या फायरवॉलला, म्हणजे बाहेरची रहदारी अडवणाऱ्या पहारेकऱ्याला, चालायचा नाही, आणि सर्व्हरला प्रत्येक प्रेक्षकाची नाडी धरून बसावं लागायचं. प्रेक्षक लाखभर झाले की हे कोलमडणारच.

२००५मध्ये यूट्यूब आलं ते या सगळ्याला फाटा देऊन. ३२० बाय २४०चं चित्र, एकच दर्जा, साध्या वेबवरून उतरणारी साधी फाइल. आपल्याकडच्या २००४च्या ब्रॉडबँड धोरणानुसार २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड. त्या वेगात ते चित्र जेमतेम मावायचं, म्हणून प्ले दाबायचं, लगेच पॉज करायचं, चहा टाकून यायचं आणि तोवर पट्टी पुढे सरकली असेल अशी आशा करायची. २००८च्या सुमाराला चांगल्या दर्जाची प्रत मिळायला लागली, तेव्हा पत्त्याच्या शेपटीला ‘एफएमटी’ आणि १८ जोडण्याची युक्ती माहीत असलेला मुलगा मित्रमंडळींत भाव खाऊन जायचा.

खरी उडी मारली ती अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मूव्ह नेटवर्क्सने. नॉव्हेलचं नेटवेअर, म्हणजे ऑफिसातले संगणक एकमेकांना जोडणारं सॉफ्टवेअर, घडवणारे ड्र्यू मेजर तिथे होते. त्यांची रीत सांगायला अगदी साधी. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत तयार ठेवायचा, आणि सगळे तुकडे साध्या वेब सर्व्हरवर फोटो ठेवावेत तसे ठेवून द्यायचे. सर्व्हरने डोकं चालवायचं नाही. पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा हे प्लेअर, म्हणजे आपल्या यंत्रातलं व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर, सांगेल. आज ‘ऑटो’ म्हणतात ते हेच. दुकानदार तोच, वजनमापं तीच. गिऱ्हाईक दर वेळी खिसा चाचपून माल मागतं. वेबपानांच्या प्रती ठिकठिकाणी साठवून ठेवणारी, जगभर उभारलेली यंत्रणा अशी आयतीच व्हिडिओच्या कामी आली. मूव्हचं स्वतःचं फार भलं झालं नाही; २०११मध्ये एकोस्टारने ती विकत घेतली. रीत मात्र सगळ्यांनी उचलली.

ऑक्टोबर २००८मध्ये मायक्रोसॉफ्टने स्मूद स्ट्रीमिंग जाहीर केलं, आणि जून २००९मध्ये आयफोनच्या ३.० आवृत्तीबरोबर ॲपलचं एचएलएस आलं; दोन्ही याच रीतीची. एचएलएसमध्ये कोणते तुकडे कुठे आहेत याची यादी असते, ती नोटपॅडमध्येही उघडता येते. विनॅम्पच्या काळातल्या गाण्यांच्या यादीचाच तो एम३यू साचा, ८ चिकटवलेला. एका ओळीत ‘बँडविड्थ’, म्हणजे लागणारा वेग, इतकी, खालच्या ओळीत त्या दर्जाची यादी कुठे आहे तो पत्ता. त्या यादीत एकामागून एक तुकडे. ॲपलने सुरुवातीला दहा सेकंदांचा तुकडा सुचवला, २०१६मध्ये तो सहावर आणला. त्याहून महत्त्वाची अट ॲप स्टोअरची होती. मोबाइल नेटवर्कवरून दहा मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ दाखवायचा तर एचएलएसच वापरायचं, आणि दर्जांच्या शिडीत ६४ केबीपीएस किंवा त्याहून खालची एक पायरी ठेवायचीच. एवढ्यात चित्र मावत नाही, आवाज मावतो. घाटात समालोचन टिकतं त्यामागे हाच विचार आहे: चित्राची पायरी हवी तेवढी उतरवा, आवाजाला धक्का लावू नका.

अडोबीनेही आपलं एक काढलं. मग प्रत्येकाची वेगळी चूल नको म्हणून २०१२मध्ये एमपीईजी-डॅश हे आंतरराष्ट्रीय मानक आलं.

निर्णय प्लेअरकडे आला खरा, पण त्याने तो घ्यायचा कसा? मागचा तुकडा किती वेगाने उतरला ते मोजा आणि त्यावरून पुढचा मागा, असं कोणीही म्हणेल. २०१२मध्ये ते-युआन ह्वांग आणि त्यांच्या स्टॅनफर्डमधल्या सहकाऱ्यांनी दाखवलं की यात प्लेअर स्वतःच्याच पायात पाय अडकवतो. त्याच लाइनीवर दुसरं काही उतरत असेल तर वेग कमी भरतो, म्हणून प्लेअर लहान तुकडा मागतो. लहान तुकड्याला वेग पकडायला वेळच मिळत नाही, म्हणून मोजमाप आणखी कमी येतं. मग आणखी लहान तुकडा. लाइनीत जागा असूनही चित्र तळाला जाऊन बसतं.

दोन वर्षांनी नेटफ्लिक्सबरोबर काम करून त्यांनी जो उतारा सुचवला, तो ज्याच्या घरी पाणी तासभरच येतं त्याला लगेच पटेल. नळाची धार मोजत बसू नका, टाकी किती भरली आहे ते बघा. पुढच्या तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ साठलेला असेल तर खुशाल भारी दर्जा मागा. टाकी तळाला लागली की काटकसर. नेटफ्लिक्सच्या पाच लाखांहून जास्त प्रेक्षकांवर हे करून पाहिलं, तेव्हा मध्येच अडकण्याचं प्रमाण १० ते २० टक्क्यांनी घटलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सगळ्यात देखणा विचार हाच.

नेटफ्लिक्सच्या तेव्हाच्या शिडीची खालची पायरी २३५ केबीपीएस होती, वरची ५८००. डिसेंबर २०१५मध्ये त्यांनी सरसकट एकच शिडी लावणं सोडलं, कारण सपाट रंगांच्या कार्टूनला जेवढं पुरतं तेवढं मारधाडीच्या सिनेमाला पुरत नाही.

शिडी सगळ्यांनाच एकदम उतरावी लागली ती मार्च २०२०मध्ये. टाळेबंदीत नेटवर्कवर ताण नको म्हणून भारतातल्या स्ट्रीमिंग कंपन्यांनी १४ एप्रिलपर्यंत मोबाइल नेटवर्कवर ४८०पीच्या (४८० ओळींच्या चित्राच्या) वर न जाण्याचं ठरवलं. युरोपात नेटफ्लिक्सने बिटरेट कापले होतेच.

गंमत म्हणजे मधल्या काळात भारतात तो जुना प्रश्न परत आला होता. २०१६मध्ये दिल्लीत जाहीर झालेलं यूट्यूब गो हे ॲप व्हिडिओ लावण्याआधी दर्जा विचारायचं आणि किती एमबी जातील तेही सांगायचं. डेटा पॅक शेवटच्या शंभर एमबीवर आलेल्या माणसाला वेगापेक्षा हाच हिशेब जवळचा होता. ऑगस्ट २०२२मध्ये ते ॲप बंद झालं. आता मुख्य ॲपमध्ये ‘डेटा सेव्हर’ आहे, आणि आकडा स्वतः निवडायचा असेल तर ‘ॲडव्हान्स्ड’. तिथे १०८०पी पक्कं करून घाटात शिरलात तर प्लेअर तुमचा शब्द पाळतो. चित्र पुसट होत नाही, गोल फिरत बसतं.