भालजी कुणाच्या पंक्तीत? कोल्हापूरच्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात सिनेमावरचं बोलणं दिग्दर्शक भालजी पेंढारकरांपाशी आलं, की थोड्याच वेळात कुणीतरी त्यांच्या शेजारी एखादा लेखक आणून बसवतो. एखाद्याला ते पडद्यावरचे हरिभाऊ आपटे वाटतात. दुसरा त्यांना रणजित देसाईंच्या बरोबरीने मोजतो. त्यांचा ‘साधी माणसं’ हा चित्रपट मनात घर करून राहिलेला तिसरा त्यांना थेट ग्रामीण कथाकारांत नेऊन ठेवतो. दिग्दर्शकाला लेखकाच्या मापाने मोजायची ही सवय इथल्या सिनेमाच्या जन्मापासूनची आहे. ती कशी लागली हे पाहिलं, तर भालजींचं खरं नातं कुणाशी हेही उलगडतं.

सुरुवात बाबूराव पेंटरांपासून करायला हवी. ते चित्रकार, शिल्पकार, नाटकांचे पडदे रंगवणारे. हाताने कॅमेरा घडवून त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्यांचा ‘सैरंध्री’ 1920 साली पडद्यावर आला, तो कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकाच्या आधाराने. 1923 च्या ‘सिंहगड’ला हरिभाऊंच्या ‘गड आला पण सिंह गेला’चा आधार होता, तर 1925 च्या ‘सावकारी पाश’ची कथा नारायण हरी आपट्यांची. नाटककार, ऐतिहासिक कादंबरीकार आणि सामाजिक कादंबरीकार, मराठी साहित्याच्या तिन्ही दालनांतून पेंटरांनी असं उचललं.

पण ते सिनेमे मुके होते. खाडिलकरांची सगळी ताकद संवादात. इंग्रज सरकारने ‘कीचकवध’वर बंदी घातली ती त्या संवादांतून व्हाइसरॉय कर्झनच्या कारभारावर होणाऱ्या वारांमुळेच. हरिभाऊ कादंबरीत वाचकाशी बोलतात, त्याला बोटाला धरून प्रसंगातून फिरवतात. मुक्या पडद्यावर हे सारं गळून पडलं, उरल्या मधल्या अक्षरांच्या पाट्या. मग पेंटरांनी त्या जागी काय ठेवलं? ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम उजेड वापरून रात्रीचे प्रसंग उभे केले. ‘सावकारी पाश’मध्ये अंधारी झोपडी आणि तिच्याबाहेर विव्हळणारं कुत्रं दाखवलं. जमीन हातची गेलेल्या आणि शेवटी शहरात गिरणीकामगार झालेल्या शेतकऱ्याचं दुःख त्या एका चित्रात मावलं आहे. कादंबरीकाराला तेवढ्यासाठी पानं खर्ची घालावी लागली असती. माझ्या मते कोल्हापुरात दिग्दर्शक लेखकाच्या बरोबरीला आला तो इथे, आणि तोही एक शब्द न बोलता.

‘सावकारी पाश’मध्ये तरुण शेतकऱ्याचं काम करणारे व्ही. शांताराम पुढे 1929 मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या ‘प्रभात’चे एक भागीदार झाले. 1933 मध्ये कंपनी पुण्याला गेली. नारायण हरी आपट्यांचं बोट मात्र शांतारामांनी सोडलं नाही. 1937 चा ‘कुंकू’ त्यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’वर बेतलेला आहे. त्यातलं म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ आठवा. पेंटरांच्या हाताखाली शिकलेला माणूस वस्तूला कसा बोलायला लावतो ते तिथे दिसतं.

बोलपट आला आणि लेखक स्वतःच स्टुडिओत आले. 1936 मध्ये मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी कोल्हापुरात ‘हंस पिक्चर्स’ काढली. पहिल्याच ‘छाया’ची कथा वि. स. खांडेकरांची. खांडेकर तेव्हा शिरोड्याला शिक्षक होते, पुढे ते कोल्हापूरकरच झाले. त्याच विनायकांनी 1938 मध्ये आचार्य अत्र्यांचा ‘ब्रह्मचारी’ केला. त्याच वर्षी खांडेकरांचा ‘ज्वाला’, पुढच्या वर्षी अत्र्यांचा ‘ब्रँडीची बाटली’, आणि 1940 मध्ये चिं. वि. जोश्यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंचा ‘लग्न पहावे करून’.

इथे तुलना करणाऱ्यांची खरी अडचण होते. खांडेकर उपमांत आणि सुभाषितांत रमणारे, ध्येयवादी. अत्रे मोकळे, धसमुसळे, ढोंगावर तुटून पडणारे. चिं. वि. मध्यमवर्गीय घरातली गंमत हळुवार टिपणारे. मग विनायक कुणासारखे? ‘छाया’त ते खांडेकरांचे वाटतात आणि ‘ब्रह्मचारी’तला औदुंबर साकारताना अत्र्यांचे. यावरून त्यांना स्वतःची शैली नव्हती असं म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. तीन वेगळ्या स्वभावांच्या लेखकांना आपापल्या आवाजात बोलू द्यायचं आणि तरी विनोदाची वेळ, नटांमधली देवाणघेवाण स्वतःच्या हातात ठेवायची, हे मोठं दिग्दर्शन आहे. फक्त ते लेखकाच्या मापाने मोजता येत नाही. संपादकाच्या मापाने कदाचित येईल.

भालजींचं मात्र वेगळं. त्यांना बाहेरच्या लेखकाची गरज फारशी पडलीच नाही. सिनेमाच्या आधी ते नाटकं लिहीत होते. पुढे कथा, संवाद आणि दिग्दर्शन एकाच हातात ठेवण्याची त्यांची रीत झाली. गाणीही त्यांनी ‘योगेश’ या नावाने लिहिली. ‘मराठा तितुका मेळवावा’मधलं ‘अखेरचा हा तुला दंडवत’ त्यांचंच. दिग्दर्शक हा चित्रपटाचा लेखक असतो, या विचाराची बाहेरच्या जगात चर्चा होते तेव्हा फ्रान्सचं नाव निघतं. अलेक्झांडर आस्त्रुक यांनी 1948 मध्ये कॅमेऱ्याला लेखणी म्हटलं, आणि पन्नाशीच्या दशकात फ्रान्सोआ त्र्युफो वगैरे तरुण समीक्षकांनी तो विचार पुढे रेटला. त्यांना अभिप्रेत होतं ते कॅमेऱ्याने केलेलं लेखन. भालजींच्या बाबतीत हा फरक विसरून चालत नाही, कारण त्यांचं लेखन प्रामुख्याने शब्दातच होतं. त्यांचा कॅमेरा बहुधा समोर उभा राहून ऐकतो. पात्र येतं, ठाम पावलं रोवतं आणि बोलतं.

म्हणून भालजींना ‘पडद्यावरचे हरिभाऊ’ म्हणणं मला अर्धंच खरं वाटतं. विषय एक, बाणा वेगळा. हरिभाऊ प्रसंग सावकाश विणतात, माणसाच्या मनात शिरून त्याची घालमेल दाखवतात. भालजींच्या माणसांच्या मनात घालमेल फार वेळ टिकत नाही. निष्ठा ठरलेली असते, प्रश्न असतो तो किंमत मोजण्याचा. शिवाय ते इतिहासातल्या कडेच्या माणसांना मध्ये आणतात. ‘नेताजी पालकर’ (1939), ‘थोरातांची कमळा’ (1941), ‘बहिर्जी नाईक’ (1943), ‘मोहित्यांची मंजुळा’ (1963) ही नुसती नावं वाचली तरी ते ध्यानात येतं. या बाबतीत ते हरिभाऊंपेक्षा नाथमाधवांना जवळचे. नाथमाधवांच्या स्वराज्यमालेतल्या कादंबऱ्यांत असतो तसा वेग, गुप्त खलिते, वेषांतरं, घराण्यांची वैरं आणि सामान्य वाचकावरचा पूर्ण विश्वास भालजींत आहे. आणि दोघांच्याही मागे पोवाडा उभा आहे. भालजींचा संवाद मोठ्याने म्हणून पाहा, श्वास शाहिराच्या जागी घ्यावा लागतो. समीक्षक ज्याला नाटकीपणा म्हणतात, त्याचं मूळ मला तिथे दिसतं. तो दोष म्हणून झटकून टाकला तर भालजीच हातातून निसटतात.

1948 साली गांधीहत्येनंतरच्या दंगलीत त्यांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. पुढच्याच वर्षी ‘मीठभाकर’ आला. नावातच ऐतिहासिक दरबार सोडून घरच्या ताटाकडे वळल्याची खूण आहे. हा दुसरा झरा 1965 च्या ‘साधी माणसं’पर्यंत वाहतो. गावच्या लोहार जोडप्याची ती गोष्ट. ‘ऐरणीच्या देवा’ हे जगदीश खेबुडकरांचं गाणं आणि ‘आनंदघन’ या नावाने लता मंगेशकरांनी दिलेलं संगीत घराघरांत पोचलं. इथे भालजींचा आवाज खाली येतो. कष्टाला देव मानणारी माणसं शहराच्या लबाडीसमोर कशी गोंधळतात हे ते आरडाओरडा न करता दाखवतात. तरी त्यांना व्यंकटेश माडगूळकर किंवा शंकर पाटलांच्या रांगेत बसवताना मी थांबतो. माडगूळकर माणसाला जसा आहे तसा ठेवतात, त्याच्या चांगुलपणाची हमी घेत नाहीत. भालजी घेतात. त्यांच्या गावात सज्जन आणि दुर्जन यांच्यामधली रेघ पुसट होत नाही.

ग्रामीण कथेचा तो तिरकस, मिस्किल स्वर सिनेमात आणला तो दिग्दर्शक अनंत मान्यांनी, आणि तोही लेखकांना सोबत घेऊन. 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’ची पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो 131 आठवडे चालला. 1968 चा ‘एक गाव बारा भानगडी’ हा पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांचा. गावातल्या राजकारणाकडे पाहायची त्यांची नजर तशीच पडद्यावर उतरली.

राहता राहिली रणजित देसाईंशी तुलना. कोवाडचे देसाई हे याच जिल्ह्यातले, त्यामुळे ती इथे आपसूक होते. त्यांची ‘स्वामी’ ही कादंबरी 1962 ची, शिवाजी महाराजांवरची ‘श्रीमान योगी’ 1968 ची. देसाई राजाला घरात नेऊन पाहतात, त्याचं एकटेपण, त्याचा थकवा, त्याचे नातेसंबंध. भालजींचा ‘छत्रपती शिवाजी’ 1952 चा, त्यात महाराजांची भूमिका चंद्रकांत मांडरे यांची. तो राजा लोकांसमोर उभा असलेला राजा आहे. म्हणून गुणांची तुलना करायची तर दोघांत मला साम्यापेक्षा फरकच जास्त दिसतो. काळाचा क्रम मात्र लोक उलटा धरतात. कादंबरी आधी, सिनेमा नंतर, असं गृहीत धरून भालजींना देसाईंच्या मापाने मोजलं जातं. ‘श्रीमान योगी’ पहिल्यांदा हातात घेणाऱ्या कोल्हापूरच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर 16 वर्षांपूर्वीचा भालजींचा सिनेमा होता. कादंबरीतल्या महाराजांना त्याने मनात जो चेहरा दिला, तो बऱ्याचदा चंद्रकांत मांडऱ्यांचा असणार.