रोमचे ख्रिस्ती भुयारांत लपून राहत होते का?

"छळापासून वाचायला ख्रिस्ती लोक रोमखालच्या भुयारांत वर्षानुवर्षं लपून राहत." प्राचीन रोमवरच्या चित्रपटांनी ही समजूत घरोघरी पोचवली. मशालीच्या उजेडातली ती कुटुंबं पाहताना गळा दाटून येतो, म्हणून ते खरं वाटणं स्वाभाविकच.

ही भुयारं, म्हणजे कॅटकोम, मुळात दफनभूमी. शहराच्या हद्दीत दफनाला रोमन कायद्याची मनाई होती, त्यामुळे ती व्हिया आपियासारख्या हमरस्त्यांलगत वेशीबाहेर खोदली गेली. नकाशा उघडून जुनी तटबंदी शोधा. प्रसिद्ध कॅटकोम तिच्या बाहेरच दिसतील. आत अरुंद, अंधाऱ्या वाटा आणि दोन्ही भिंतींत एकावर एक रचलेल्या कबरी. तिथे चूल कुठे पेटवणार, लेकरं कुठे निजवणार? रोममधल्या ज्यूंचेही असे कॅटकोम आहेत, म्हणजे अशा दफनाची रीत एकट्या ख्रिस्त्यांची नव्हती.

शिवाय जागा गुप्त नव्हती. इ.स. २५७ मध्ये सम्राट व्हॅलेरियनने ख्रिस्त्यांना दफनभूमीत जायलाच बंदी केली. माहीत नसलेल्या जागेवर बंदी कशी घालणार? पुढच्याच वर्षी पोप सिक्स्टस दुसरे यांना दफनभूमीतच पकडून मारण्यात आलं. छळ खराच होता, आणि भीषण होता. खोटं आहे ते फक्त भुयारातलं बिऱ्हाड.

चित्रपट पाहताना सालही ताडून बघा. सम्राट नीरोने केलेला छळ इ.स. ६४ चा, म्हणजे कॅटकोमच्याही आधीचा. कॅटकोम खोदायला सुरुवात झाली दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, आणि त्यांचा मोठा विस्तार झाला चौथ्या शतकात, ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाल्यानंतर.