अण्वस्त्रांचा युद्धातील वापर : नैतिक वाद

युद्धात अण्वस्त्र वापरणे कधी न्याय्य ठरू शकते का, या प्रश्नाभोवतीचा वाद. प्रत्यक्ष युद्धात हे अस्त्र आजवर दोनदाच वापरले गेले : ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर. दोन्ही वेळा ते अमेरिकेने वापरले. वाद तत्त्वांचा असला, तरी तो फिरून फिरून या दोन शहरांपाशी येतो, आणि यावे हेच योग्य. शहरे बाजूला सारली की मागे नुसती आकडेमोड उरते.

हिरोशिमावरचा बाँब सकाळी सव्वाआठला जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. १९४५ संपेपर्यंत त्या शहरात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७० हजार माणसे मेली. त्यांत जपानने कामासाठी आणलेले कोरियन मजूरही हजारोंनी होते. त्या सकाळी हिरोशिमाच्या मध्यभागी बारा-तेरा वर्षांची शाळकरी मुले कामाला जुंपलेली होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे करायचे, हे त्यांचे काम. अशी सुमारे सहा हजार मुले गेली. हिरोशिमाच्या शांतता संग्रहालयात त्यांच्यापैकी एकाचा जेवणाचा डबा ठेवला आहे. डबा चेपलेला आहे आणि आतल्या अन्नाचा कोळसा झालेला आहे. ‘संपूर्ण युद्धात, म्हणजे सारा देशच युद्धाला जुंपलेला असताना, कोणीच बिनलढाऊ नसतो’ हा युक्तिवाद पुढे अनेकदा केला गेला. तो करणाऱ्याला या डब्यासमोर उभे राहून तो करता आला पाहिजे.

न्याय्य युद्धाच्या परंपरेत दोन कसोट्या मानल्या जातात. पहिली भेदाची : लढणारा आणि न लढणारा यांत फरक करायचा, न लढणाऱ्याला लक्ष्य करायचे नाही. दुसरी प्रमाणाची : होणारी हानी साधायच्या हेतूपेक्षा मोठी नसावी. अणुबाँबवरची चर्चा बहुतेक दुसऱ्या कसोटीवर रंगते, कारण तिथे आकडे मांडता येतात. खरा पेच पहिलीत आहे.

बाँब पडण्यापूर्वी कोणी आक्षेपच घेतला नव्हता, असे मानणे चूक आहे. बाँबच्या प्रकल्पातल्याच, जेम्स फ्रँक यांच्या अध्यक्षतेखालील शास्त्रज्ञांनी ११ जून १९४५ च्या अहवालात सुचवले होते की हे अस्त्र आधी निर्जन जागी जगाला दाखवावे. याच प्रकल्पातले शास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांच्या, अशा वापराला आक्षेप घेणाऱ्या जुलैमधील विनंतीपत्रावर सत्तर जणांच्या सह्या होत्या. उलट ओपेनहायमर, फर्मी, कॉम्प्टन आणि लॉरेन्स या चौघा शास्त्रज्ञांच्या सल्लागार गटाने कळवले की नुसत्या प्रात्यक्षिकाने युद्ध थांबेल असे वाटत नाही. अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांच्या समितीने ३१ मेच्या बैठकीत आदर्श लक्ष्याचे वर्णन केले होते ते असे : पुष्कळ कामगार असलेला आणि सभोवती कामगारांची घरे दाटलेली असलेला महत्त्वाचा युद्धकारखाना. यातले ‘घरे’ हे वर्णन लक्षात ठेवण्याजोगे आहे. घरे तिथे योगायोगाने सापडणार नव्हती, ती निवडीच्या निकषातच होती. दुसरीकडे याच स्टिमसन यांनी क्योटो शहर लक्ष्यांच्या यादीतून हट्टाने वगळायला लावले. ते शहर त्यांनी पूर्वी पाहिले होते. एक शहर वाचवता आले, याचा अर्थ नाही म्हणण्याला तेव्हाही जागा होती.

अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी २५ जुलैच्या रोजनिशीत लिहिले की लक्ष्य लष्करी ठिकाणे आणि सैनिक असतील, स्त्रिया आणि मुले नव्हेत. त्याच दिवशी निघालेल्या लष्करी आदेशात मात्र हिरोशिमा, कोकुरा, नीगाता आणि नागासाकी अशी चार शहरांची नावे होती. पहिला बाँब ३ ऑगस्टच्या सुमारास हवामान अनुकूल होताच टाकायचा आणि पुढचे तयार होतील तसे टाकत जायचे, असा तो आदेश होता. जपानकडे शरणागतीची मागणी करणारे पॉट्सडॅमचे जाहीर निवेदन दुसऱ्या दिवशी, २६ जुलैला निघाले. नागासाकीसाठी वेगळा निर्णय कोणी घेतलाच नाही. हवामानाच्या अंदाजामुळे तारीख ११ वरून ९ ऑगस्टवर आली. विमान कोकुरावर गेले, तिथे खालचे दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळले. पहिल्या बाँबचे समर्थन करणाऱ्यांपैकीही अनेकांना दुसऱ्याचे समर्थन करणे जड जाते, ते यामुळे. १० ऑगस्टला ट्रुमन यांनी पुढचे बाँब रोखले. आणखी एक लाख माणसे मारण्याची कल्पना भयंकर आहे, ‘ती सगळी मुले’ मारावीशी वाटत नाहीत, असे त्यांनी मंत्रिमंडळात सांगितल्याची नोंद त्यांचे वाणिज्यमंत्री हेन्री वॉलेस यांच्या रोजनिशीत आहे.

समर्थनाची बाजू स्टिमसन यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये एका मासिकात मांडली : जपानवर स्वारी करावी लागली असती, तर एकट्या अमेरिकी सैन्यात मृत आणि जखमी मिळून दहा लाखांवर गेले असते. युद्ध चालू असताना नियोजकांनी धरलेले अंदाज याहून पुष्कळ कमी होते. तरीही ही बाजू झटकून टाकण्यासारखी नाही. ओकिनावाच्या लढाईत बारा हजारांवर अमेरिकी आणि सुमारे एक लाख जपानी सैनिक मेले, नागरिक तर वेगळेच. चीनमध्ये आणि आग्नेय आशियात जपानी अंमलाखाली माणसे रोज मरत होती. त्यांच्या दृष्टीने युद्ध लवकर संपणे ही पुस्तकी बाब नव्हती. शिवाय ९–१० मार्च १९४५ च्या रात्री टोकियोवर साध्या आगलाव्या बाँबनी सुमारे एक लाख माणसे मारली होती. मग अणुबाँबच वेगळा का? प्रश्न रास्त आहे. पण टोकियो गैर होते, एवढेच त्याचे प्रामाणिक उत्तर निघते. टोकियोमुळे हिरोशिमा योग्य ठरत नाही.

शिवाय स्वारी किंवा बाँब, एवढे दोनच रस्ते होते का? अमेरिकेच्याच बाँबहल्ला सर्वेक्षणाने १९४६ मध्ये म्हटले की बाँब पडले नसते तरी जपान १९४५ संपण्यापूर्वी शरण आला असता. या निष्कर्षावर इतिहासकारांचे एकमत नाही. रशियाने ८ ऑगस्टला जपानविरुद्ध युद्ध पुकारले, त्याचा शरणागतीत किती वाटा, हाही वाद मिटलेला नाही. ऑक्सफर्डने १९५६ मध्ये ट्रुमन यांना सन्माननीय पदवी देऊ केली, तेव्हा तत्त्वज्ञ एलिझाबेथ ॲन्सकम यांनी उभे राहून विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता : निरपराधांना मारणे हेच साधन म्हणून निवडणे म्हणजे खून, मग त्यातून काहीही वाचो. राजकीय तत्त्वज्ञ मायकेल वॉल्झर यांनी पुढे दाखवले की अमेरिकेने बिनशर्त शरणागतीचा हट्ट सोडला असता, तर हिशेबच बदलला असता. प्रस्तुत लेखकाला ॲन्सकम यांचे म्हणणे सर्वांत भक्कम वाटते, कारण ते कुठल्याही अंदाजावर टेकलेले नाही.

किरणोत्सर्गाने वादात एक निराळा पदर आणला. स्फोटानंतर आठवड्यांनी माणसे केस गळून, रक्तस्राव होऊन मेली. त्या वेळी गर्भात असलेली काही मुले लहान डोक्याची आणि मतिमंद जन्मली. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही आणि तो ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर सोडतो. ज्यांचा युद्धाशी कसलाच संबंध नाही त्यांच्यापर्यंत पोचणारे अस्त्र, ही कल्पना आपल्याला परकी नाही.

कायद्याने हा प्रश्न अर्धाच सोडवला. जपानी नेत्यांवरील युद्धगुन्ह्यांच्या टोकियो खटल्यातील भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी भिन्नमतपत्रात अणुबाँबच्या वापरावर कठोर शब्दांत बोट ठेवले. टोकियो जिल्हा न्यायालयाने ७ डिसेंबर १९६३ रोजी दोन्ही हल्ले आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध ठरवले, पण पीडितांना भरपाई नाकारली. ८ जुलै १९९६ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्ला दिला की अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणपणे बेकायदा आहे. मात्र राष्ट्राचे अस्तित्वच धोक्यात असेल, तर काय, यावर निश्चित उत्तर देता येत नाही. मते ७–७ अशी पडली होती आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने हा सल्ला ठरला. अण्वस्त्रबंदीचा करार २०१७ मध्ये १२२ मतांनी मंजूर होऊन २२ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. एकाही अण्वस्त्रधारी देशाने त्यावर सही केलेली नाही.

भारताची भूमिका दोन टोकांमध्ये ताणलेली आहे. अणुबाँबने युगानुयुगे माणसाला तारणारी कोमल भावना बधिर केली, असे गांधीजींनी जुलै १९४६ मध्ये लिहिले. १९७४ मध्ये पोखरणला भारताने अणुस्फोट केला. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे भारताने लेखी म्हणणे दिले की प्रत्युत्तर म्हणूनही अण्वस्त्र वापरणे बेकायदा आहे. तीन वर्षांनी पोखरणला पुन्हा चाचण्या झाल्या. जानेवारी २००३ मध्ये जाहीर झालेल्या धोरणात पहिला वापर आपण करणार नाही, असे वचन आहे. आपल्यावर वापर झाल्यास शत्रूला न सोसवेल एवढे प्रचंड प्रत्युत्तर देऊ, असेही त्यातच म्हटले आहे.