तांदळातले खडे आणि न पाठवलेलं खोकं

बाजारातून आणलेला तांदूळ निवडणं हे दोन पिढ्यांपूर्वी आपल्या घरांतलं नेहमीचं काम होतं. ताटात मूठभर तांदूळ घ्यायचा, उजेडाकडे तोंड करून बसायचं, बोटांनी दाणे पसरत जायचं आणि खडा दिसला की बाजूला टाकायचा. काही खडे खळ्यातून आलेले असायचे. काही मात्र तांदळाच्याच रंगाचे आणि आकाराचे निघायचे, आणि ते वजन वाढवायला कुणीतरी मुद्दाम मिसळलेले असायचे. विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही.

हे दृश्य अर्थशास्त्रातल्या एका अतिशय गाजलेल्या निबंधात आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ‘लेमन्स’च्या निबंधात भारतीय गृहिणी बाजारच्या तांदळातून असे मुद्दाम मिसळलेले खडे वेचताना दिसते. निबंध ओळखला जातो तो जुन्या गाड्यांसाठी. अमेरिकेत फसव्या निघालेल्या गाडीला ‘लेमन’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. पण माझ्या मते त्याचा गाभा या तांदळात जास्त स्पष्ट दिसतो.

सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मागणी, पुरवठा, स्पर्धा, मक्तेदारी हे सगळं संपल्यावर अगदी शेवटी तीन विषय एकत्र बांधलेले आढळतात: माहितीची विषमता (एकाला ठाऊक, दुसऱ्याला नाही), मतदानाचा सिद्धांत आणि वर्तनवादी अर्थशास्त्र (माणूस प्रत्यक्षात निवड कशी करतो याचा अभ्यास). वर्ष संपत आलेलं असतं, परीक्षा तोंडावर असते, आणि ‘नवे प्रवाह’ म्हणून ते उरकले जातात. मला ही मांडणी मनापासून खटकते. हे विषय नवे नाहीत, आणि एकमेकांपासून तुटलेलेही नाहीत. त्यांचा इतिहास पाहिला तर तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात.

अकरलॉफ यांचा हिशेब असा. समजा, जुन्या मोटारसायकलींच्या बाजारात निम्म्या गाड्या चांगल्या, साठ हजारांच्या. निम्म्या खराब, वीस हजारांच्या. कोणती कशी आहे ते मालकालाच माहीत. गिऱ्हाईक सरासरी धरून चाळीस हजारांच्या वर जायला तयार नाही. मग साठ हजारांची गाडी असलेला मालक ती चाळीसला कशाला देईल? तो बाजारातून निघून जातो. उरतात त्या खराब गाड्या, आणि हे कळल्यावर गिऱ्हाईक वीसच्या वर बोलत नाही. कुणीही खोटं बोललेलं नसताना चांगला माल बाजारातून हद्दपार होतो.

आज हे इतकं उघड वाटतं की त्यासाठी निबंध कशाला हवा, असा प्रश्न पडावा. नेमकं हेच त्या काळच्या संपादकांनाही वाटलं. अकरलॉफ यांनी जून १९६७ मध्ये तो ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ला पाठवला आणि वर्षभरासाठी दिल्लीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले. नकाराचं पहिलं पत्र त्यांना भारतातच मिळालं: इतकं क्षुल्लक आम्ही छापत नाही. ‘रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक स्टडीज’नेही त्याच कारणाने परत पाठवला. ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’चं म्हणणं नेमकं उलट होतं: हे खरं असेल तर सगळं अर्थशास्त्रच वेगळं असायला हवं. शेवटी ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ने तो छापला. एकाला क्षुल्लक वाटलेली गोष्ट दुसऱ्याला पचवायला जड जावी, यातच तिचं मोल कळतं.

छापलेल्या निबंधात भारत आणखी एका ठिकाणी आहे, आणि मराठी वाचकाने तिथे थांबायला हवं. मोठ्या बँका ६, ८, १० टक्क्यांनी कर्ज देत असताना गावचा सावकार १५, २५, अगदी ५० टक्के कसे घेऊ शकतो? मधल्यामध्ये कुणी स्वस्तात पैसा उचलून गावात वाटत का नाही? अकरलॉफ यांचं उत्तर असं: सावकाराला माणूस माहीत असतो. कुणाची विहीर आटली, कुणाच्या मुलीचं लग्न आहे, कोण बुडवेल आणि कोण पोट मारून फेडेल, हे त्याला ठाऊक असतं. बाहेरून येऊन कर्ज वाटणाऱ्याकडे मात्र नेमके न फेडणारेच गोळा होतील.

पण आपल्याकडच्या सावकारीत माहितीचं पारडं दुसऱ्या बाजूनेही झुकलेलं होतं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली. ते लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. दख्खनच्या दंग्यांत लोक मागत होते कागद: कर्जरोखे, खतं, वह्या. ते हाती आले की त्यांची होळी व्हायची.

कागदच का? कारण त्या कागदात काय लिहिलंय ते अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हतं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. हेतू कुळाच्या हिताचा होता, पण घडलं भलतंच. दर तीन वर्षांनी सावकार थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करून घ्यायचा, आणि कुळ पुन्हा अंगठा द्यायचं. कोर्टात गेलं तर कोर्ट कागद पाहणार, आणि कागद सावकाराच्या बाजूने बोलणार. शेतकऱ्याला आपलं देणं किती हेच नक्की माहीत नसायचं.

दंग्यांची चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. अकरलॉफ यांच्या निबंधाच्या नव्वद वर्षं आधीचा हा कायदा त्याच दुखण्यावरचा इलाज होता. दस्त ग्राम-निबंधकापुढेच व्हावा, सावकाराने पावती आणि वर्षाचा हिशेब लेखी द्यावा, आणि न्यायाधीशाने नुसता रोखा न पाहता व्यवहाराचा मागचा इतिहास उकरून पाहावा, अशा त्याच्या तरतुदी. पण कायद्याची झळ बसताच अनेक सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून मागू लागले. एका बाजूची माहिती उघडी करायला गेलं की व्यवहार आपला आकार बदलून दुसऱ्या वाटेने जातो. हा धडा पुढच्या सिद्धांतकारांना समीकरणांतून मिळाला. आपल्या लोकांना तो जमिनी गमावून आधीच मिळाला होता.

पुढचा सैद्धांतिक प्रवास थोडक्यात सांगता येतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये पदवीकडे ‘संकेत’ म्हणून पाहिलं. पदवीने अंगी काही आलं नसलं, तरी ज्याला ती मिळवणं सोपं गेलं तो मालकाला वेगळा ओळखू येतो. रॉथशिल्ड आणि स्टिग्लिट्झ यांनी १९७६ मध्ये विमा कंपनीच्या बाजूने विचार केला. निरनिराळे करार समोर ठेवले की ग्राहक आपल्या निवडीतूनच स्वतःची जोखीम उघड करतो. २००१ चं नोबेल अकरलॉफ, स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांना मिळून दिलं गेलं. हापूसच्या पेटीवरचं भौगोलिक मानांकन किंवा दागिन्यावरचं हॉलमार्क ही याच विचाराची रोजची रूपं आहेत. देवगडच्या बागाइतदाराचं खरं भांडण स्वस्त आंब्याशी नाहीच. परराज्यातला आंबा ‘देवगड’ म्हणून विकला जातो, याच्याशी आहे.

या सगळ्याच्या आधी, १९६३ मध्ये, केनेथ ॲरो यांनी वैद्यकीय सेवेवर एक निबंध लिहिला होता. डॉक्टरला जे कळतं ते रुग्णाला कळत नाही, म्हणून इथला बाजार भाजीबाजारासारखा चालूच शकत नाही, असं त्यांनी दाखवलं. माहितीच्या अर्थशास्त्राचा एक मोठा झरा इथे आहे. आणि हेच ॲरो बारा वर्षांपूर्वी, १९५१ मध्ये, मतदानाबद्दलचा आपला विख्यात सिद्धांत पुस्तकरूपाने मांडून मोकळे झाले होते.

तो प्रश्न त्यांच्याही आधी दीडशेहून अधिक वर्षं पडून होता. फ्रेंच विचारवंत काँदोर्से यांनी १७८५ मध्ये दाखवलं की बहुमत गोल गोल फिरू शकतं. एक ग्रामपंचायत घ्या. निधी एकाच कामापुरता आहे: रस्ता, पाण्याची टाकी की शाळेची खोली? एका सदस्याचा क्रम रस्ता, टाकी, शाळा. दुसऱ्याचा टाकी, शाळा, रस्ता. तिसऱ्याचा शाळा, रस्ता, टाकी. रस्ता विरुद्ध टाकी मत घेतलं तर रस्ता जिंकतो, दोन विरुद्ध एक. टाकी विरुद्ध शाळा घेतलं तर टाकी. म्हणजे रस्ता शाळेलाही हरवेल असं वाटतं, पण तिथे शाळा जिंकते. प्रत्येकाचं डोकं ठिकाणावर आहे, तरी ‘गावाची इच्छा’ म्हणून काही एक सापडत नाही. मग कोणते दोन विषय आधी मताला टाकायचे हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती निकाल. ग्रामसभा जवळून पाहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

काँदोर्से यांचे समकालीन बोर्दा यांनी पसंतीक्रमाला गुण देऊन बेरीज करायची पद्धत सुचवली होती. पण तिथे एखादा हरणारा उमेदवार उभा राहिला किंवा बसला एवढ्यानेही वरच्या दोघांचा निकाल उलटू शकतो. काँदोर्से राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ मध्ये कोठडीत मरण पावले, आणि हा विषय बराच काळ विस्मरणात गेला. ॲरो यांनी एकेका पद्धतीचे दोष मोजत न बसता एकदमच विचारलं: पर्याय तीन किंवा अधिक असतील, सगळ्यांचं एकमत असेल तिथे ते मानलं जावं, तिसऱ्या पर्यायामुळे दोघांची आपसातली तुलना बिघडू नये, कुणी एकटा हुकूमशहा नसावा आणि मतं कशीही असली तरी सुसंगत क्रम निघावा, असा एखादा नियम आहे का? उत्तर आलं: नाही, असू शकत नाही.

ते पुस्तक कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये लवकरच पोहोचलं. सुखमय चक्रवर्ती यांनी आपल्या सहाध्यायाचं, अमर्त्य सेन यांचं, लक्ष त्याकडे वेधलं. सेन पुढे १९६० च्या दशकात दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवत असताना याच विषयात गढले, आणि १९७० मध्ये, अकरलॉफ यांचा निबंध आला त्याच वर्षी, त्यांचं सामूहिक निवडीवरचं पुस्तक आलं.

आणि त्याच सुमारास देशाने हा प्रश्न प्रत्यक्ष पाहिला. ऑगस्ट १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मतदार पसंतीक्रम लिहितात आणि निवडून यायला निम्म्याहून जास्त मतमूल्य लागतं. व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मतं पडली, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८. तिसरे होते आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे. त्यांना १,१२,७६९. कोटा ४,१८,१६९ चा, तो कुणीच गाठला नाही. मग खालचे उमेदवार बाद करून त्यांच्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंती मोजल्या. अखेर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. सुमारे ८८ हजारांची आघाडी पंधरा हजारांच्याही खाली आली.

ही निवडणूक बहुधा ‘अंतरात्म्याचा आवाज’ आणि काँग्रेसची फूट यांसाठी आठवली जाते. मला तिथे दुसरंही काही दिसतं. या पद्धतीत देशमुखांच्या मतदारांची दुसरी पसंती मोजली जाते, पण गिरी आणि रेड्डी यांच्या मतदारांनी दुसऱ्या क्रमांकावर कुणाला लिहिलं ते कधीच उघडलं जात नाही. एखादा उमेदवार सर्वांना दुसरा म्हणून मान्य असेल, समोरासमोरच्या लढतीत प्रत्येकाला हरवू शकेल, तरी पहिल्या पसंतीत मागे पडला की तो आधी बाद होतो. देशमुख तसे होते असं मी म्हणत नाही. तसा कुणी असता तरी ही मोजणी त्याला ओळखू शकली नसती.

तिसरा धागा माणसाच्या मनाचा. मोरिस अल्ले यांनी १९५२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत काही पैजांचे प्रश्न विचारले, आणि तर्कशुद्ध निवडीचे मोठे सिद्धांतकार लिओनार्ड सॅव्हेज स्वतःच्याच नियमांविरुद्ध उत्तरं देऊन बसले. हर्बर्ट सायमन १९५५ मध्ये म्हणाले की माणूस सर्वोत्तम शोधत नाही, पुरेसं चांगलं मिळालं की थांबतो. १९७९ मध्ये डॅनियल कानमन आणि ॲमोस ट्वर्स्की यांनी दाखवलं की शंभर रुपये मिळाल्याचा आनंद शंभर गमावल्याच्या दुःखाची बरोबरी करत नाही. कानमन, नेच आणि रिचर्ड थेलर यांच्या १९९० च्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग वाटले. ज्यांना मग मिळाला ते त्याचे साधारण दुप्पट पैसे मागत होते, ज्यांना विकत घ्यायचा होता त्यांच्या तुलनेत. मग तोच, फक्त तो आता ‘माझा’ झाला होता. ट्वर्स्की १९९६ मध्ये गेले. २००२ चं नोबेल कानमन यांना त्यांच्याविना घ्यावं लागलं.

या शाखेतल्या पुढच्या काही दाव्यांची पुनर्तपासणीत पडझड झाली, आणि ती झाली हे बरंच झालं. पण आजची गोष्ट उद्यावर टाकण्याची सवय खरी आहे, आणि तिचा एक उत्तम नमुना पुन्हा त्याच दिल्लीच्या वर्षातला आहे.

अकरलॉफ भारतात असताना त्यांचा मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ भेटायला आला. परतताना सामानाच्या मर्यादेमुळे कपड्यांचं एक खोकं मागे ठेवावं लागलं, ते अमेरिकेला पाठवायचं होतं. अकरलॉफ यांचा अंदाज असा की त्यात आख्खा दिवस जाईल. म्हणून आज नको, उद्या. आठ महिन्यांहून जास्त काळ ते रोज सकाळी उठून ठरवत राहिले की खोकं उद्या नक्की पाठवायचं. शेवटी परतायची वेळ जवळ आल्यावर ते दुसऱ्या एका मित्राच्या सामानात घालून रवाना झालं. १९९१ मध्ये छापून आलेल्या दिरंगाईवरच्या व्याख्यानाची सुरुवात अकरलॉफ यांनी या खोक्यापासून केली: रोजचा तोटा इतका लहान की त्या दिवशी तो टाळणंच शहाणपणाचं वाटतं, आणि बेरीज मात्र मोठी होते. ते व्याख्यान छापलं ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ने, ज्याने तेवीस-चोवीस वर्षांपूर्वी त्यांना दिल्लीच्या पत्त्यावर नकार कळवला होता.